नव्या मोटारीचें जुनें दुखणें

पुणें–सातारा हमरस्त्यावरील शिवरे या गांवांतून नोकरीसाठीं रोज कात्रजचा बोगदा ओलांडून पुण्यास जाणाऱ्या एका गृहस्थाची कल्पना करावी. साठविलेल्या पैशांत कर्जाची भर घालून त्यानें नवी मोटार घेतली. घरीं पेढे वाटले गेले, गाडीला हार घातला गेला. आणि दोन महिन्यांच्या आंतच ती चढावर अचानक बंद पडूं लागली. विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्यें गाडी गेली, 'दुरुस्त झाली' म्हणून परत आली, आणि पंधरा दिवसांनीं पुन्हां तेंच रडगाणें. असें चार वेळां झालें. कर्जाचे हप्ते मात्र चुकत नाहींत, आणि हमीची मुदतही सरत चालली आहे. अशा वेळीं कायदा त्याच्या हातीं काय देतो?

अमेरिकेंत अशा वारंवार बिघडणाऱ्या गाडीला 'लेमन', म्हणजे लिंबू, म्हणतात. १९८२ सालीं कनेक्टिकट राज्यानें अशा गाड्यांसाठीं स्वतंत्र कायदा केला व पुढें इतर राज्यांनींही तोच मार्ग धरला. ठराविक वेळां दुरुस्ती होऊनही तोच दोष कायम राहिला, किंवा गाडी ठराविक दिवसांहून अधिक काळ वर्कशॉपमध्यें अडकून पडली, तर बदली गाडी अथवा किंमत मागण्याचा हक्क तेथें ग्राहकास मिळतो. भारतांत असा मोजमापाचा कायदा नाहीं. येथील ग्राहकाचा मुख्य आधार म्हणजे जुलै २०२० पासून अमलांत आलेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्याच्या दृष्टीनें गाडींतील खोट हा 'दोष', आणि ती दूर करण्यांतील हयगय ही 'सेवेंतील त्रुटी'. या दोन्ही तक्रारी एकाच अर्जांत मांडतां येतात, आणि त्या मांडाव्याच. कारण पहिली सिद्ध न झाली तरी दुसरी टिकूं शकते.

न्यायालयांनीं या प्रश्नाकडे कसें पाहिलें आहे, हें दोन निकालांवरून कळतें. २००६ सालीं क्लचच्या बिघाडाच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, हमीपत्रांत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचेंच वचन असेल, तर सबंध गाडी बदलून मागतां येत नाहीं. २०१० सालच्या दुसऱ्या एका प्रकरणांत न्यायालयानें स्वतंत्र तज्ज्ञाच्या मतावर भिस्त ठेवली : गाडींत मूळचाच उत्पादन-दोष आहे असें तज्ज्ञानें सांगितल्यास किंमत व्याजासह परत मिळावी. भाग बिघडला असेल तर भाग मिळेल. गाडीच मुळांत सदोष आहे असें सिद्ध झालें, तरच गाडी किंवा पैसे पदरांत पडतील.

म्हणून सारें पुराव्यावर येऊन ठेपतें. प्रत्येक खेपेस गाडी देतांना जॉब कार्डावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. 'गाडी तपासली' हा मोघम शेरा पुढें कामास येत नाहीं. 'चढावर, दुसऱ्या गिअरमध्यें, इंजिन अचानक बंद पडतें' हें वाक्य येतें. तारीख, किलोमीटरचा आंकडा, बदललेला भाग आणि गाडी किती दिवस अडकली, हें सर्व कागदावर असावें. दोष गेलेला नसेल तर समाधान झाल्याच्या कागदावर डोळे झांकून सही करूं नये. जें खटकतें तें सहीबरोबर लिहावें. ठरलेली सर्व्हिसिंग चुकवूं नये, आणि बाहेरच्या मिस्त्रीला इंजिनास हात लावूं देऊं नये. नाहीं तर दोष मालकाच्याच माथीं मारला जातो. तपासणीवांचून दोष ठरत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवूं शकतो. ती मागणी तक्रारीबरोबरच करावी.

आयोगाकडे जाण्यापूर्वीं विक्रेता व उत्पादक या दोघांनाही स्पीड पोस्टानें लेखी नोटीस द्यावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविल्यास तडजोडीचा यत्न होतो. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर ग्राहक जेथें राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे जातां येतें. कंपनी कोणत्याही प्रांतांतली असो, शिवऱ्याच्या गृहस्थास पुणें जिल्हा आयोगाचें दार मोकळें आहे. गाडीसाठीं दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर हा अधिकार जिल्हा आयोगाचा. शुल्क ५ लाखांपर्यंत कांहींच नाहीं. १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये आणि त्यापुढें ५० लाखांपर्यंत १००० रुपये. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. तक्रारीचें कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आंत तक्रार दाखल करावी लागते. तपासणीची गरज नसल्यास ३ महिन्यांत व असल्यास ५ महिन्यांत निकाल व्हावा, असें कायदा म्हणतो. प्रत्यक्षांत मात्र धीर धरण्याची तयारी ठेवावी. धंद्यासाठीं घेतलेल्या गाडीस हा मार्ग खुला नाहीं. परंतु स्वतः गाडी चालवून पोट भरणारा टॅक्सीवाला कायद्याच्या दृष्टीनें ग्राहकच आहे.

जाबदार कोणास करावें, हाही प्रश्न किरकोळ नव्हे. गोव्यांतील एका खरेदीदारास २०११ सालची म्हणून २००९ सालीं बनलेली गाडी देण्यांत आली होती. विक्रेत्याच्या या कृत्याची उत्पादकास माहिती होती असें सिद्ध झालें नाहीं, म्हणून २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें उत्पादकास जबाबदार धरलें नाहीं. यावरून विक्रेत्याची चूक वेगळी व कारखान्याची वेगळी, हें ध्यानांत ठेवून दोघांनाही जाबदार करावें, आणि कोणाची चूक कोणती, हें अर्जांत स्वतंत्रपणें लिहावें.

मागण्या उतरत्या क्रमानें मांडाव्या. प्रथम बदली गाडी किंवा पैसे. तें न मिळाल्यास सदोष भाग बदलून मिळावा. आणि कोणत्याही स्थितींत भाड्याच्या वाहनाचा खर्च व मनस्तापाची भरपाई. सुरक्षिततेस धोका पोंचविणारा तोच दोष अनेकांच्या गाड्यांत आढळला, तर मोटार वाहन कायद्यांतील नव्या तरतुदीनें केंद्र सरकार त्या सर्व गाड्या परत बोलावण्याचा आदेश कंपनीस देऊं शकतें.

१९७४ सालीं पुण्यांत बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली, तेव्हां ग्राहकासाठीं असा स्वतंत्र कायदाच नव्हता. तो १९८६ सालीं आला. आज कायदा आहे व आयोगही आहे. पण आयोगापुढें संताप वाचला जात नाहीं, कागद वाचला जातो. शिवऱ्याच्या गृहस्थानें हमी संपण्याची वाट न पाहतां आजच चारही जॉब कार्डें तारखेवार लावावीं, पावत्या त्यांस जोडाव्या, आणि पांचव्या खेपेस गाडी देतांना नोटिसीची प्रत बरोबर न्यावी.