बाई, तुम्ही काय वाचता?

मुलांनो, आज आधी एक कबुली देते. माझी चूक झाली होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही.

सातवीच्या वर्गावर भूगोलाचा तास चालू होता. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी फारच मन लावून पुस्तक वाचत होती. भूगोलात एवढं काय रंगलं म्हणून जवळ गेले, तर भूगोलाच्या पुस्तकात दुसरंच पुस्तक! कव्हर फाटलेली, कुणाकुणाच्या हातांतून फिरलेली एक प्रेमकथा. मी ते उचललं आणि त्याचं नाव साऱ्या वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्ग खो-खो हसला. ती मुलगी मात्र खाली मान घालून बसली. त्यानंतर तिनं कितीतरी दिवस वाचनपेटीला हातसुद्धा लावला नाही.

तासाला दुसरं पुस्तक वाचणं चूकच, ते मी आजही म्हणेन. पण हसं करणं त्याहून मोठी चूक होती. घरी जाऊन मी ते पुस्तक वाचून काढलं. मग एका मधल्या सुट्टीत तिला बोलावलं, पुस्तक परत दिलं, माफी मागितली आणि विचारलं, "कसं वाटलं गं तुला हे?"

बराच वेळ ती गप्प. मग हळूच म्हणाली, "बाई, त्यातली ती मुलगी स्वतः काहीच करत नाही. नुसती वाट बघते."

मी चकित झाले. मीही ते पुस्तक वाचलं होतं, पण मला काही एवढं नेमकं सांगता आलं नसतं. तेवढ्यात तिनंच विचारलं, "बाई, तुम्ही काय वाचता?"

तिला दिलेलं उत्तर आज तुम्हालाही देते. गेल्या सुट्टीत मी चार पुस्तकं वाचली. ही माझी मतं आहेत, हं! परीक्षेतली उत्तरं नव्हेत. तुम्हाला पटलीच पाहिजेत असं मुळीच नाही.

पहिलं पुस्तक 'चौघीजणी'. लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेच्या 'लिटल वुमेन' या कादंबरीचा हा शांता शेळके यांनी केलेला अनुवाद. मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणी. वडील युद्धावर गेलेले, घरात पैशांची ओढाताण. वडील आजारी पडल्याची तार येते, तेव्हा ज्यो आईच्या प्रवासासाठी आपले लांबसडक केस विकून पंचवीस डॉलर आणते. शेजारी राहतो लॉरी. तो ज्योचा जिवाभावाचा मित्र.

तुमच्याएवढी असताना मला पक्कं वाटायचं, की ज्योचं लग्न लॉरीशीच व्हायला हवं. ते झालं नाही म्हणून मी चक्क रडले होते. गंमत म्हणजे असं वाटणारी मी एकटीच नव्हते! कादंबरीचा पहिला भाग 1868 साली आला आणि वाचक मुलींची पत्रं लेखिकेकडे येऊ लागली. या मुलींची लग्नं कुणाशी होणार, हेच सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं. अल्कॉटबाई वैतागल्या. त्यांनी स्वतः लग्न केलं नव्हतं आणि ज्योनंही लिहीत स्वतंत्र राहावं असं त्यांच्या मनात होतं. शेवटी 1869 च्या दुसऱ्या भागात त्यांनी ज्योचं लग्न केलं, पण ते वयानं मोठ्या असलेल्या प्राध्यापक भाएर यांच्याशी!

आता पस्तिशीत पुन्हा वाचताना मला ज्योचा नकार पटला. दोघंही तापट, दोघंही हट्टी. मैत्री उत्तम, पण संसारात रोज भांडणं झाली असती. पण एक गोष्ट मला अजून खटकते. ज्यो पैशांसाठी भडक, सनसनाटी गोष्टी लिहीत असते. भाएर अशा गोष्टींना नावं ठेवतात, तेव्हा तिला आपल्या लेखनाची इतकी लाज वाटते, की ती आपल्या गोष्टी जाळून टाकते. ते वाचताना मला माझा भूगोलाचा तास आठवला.

दुसरं पुस्तक इंग्लंडमधलं, जेन ऑस्टिन यांचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. हे 1813 साली प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यावर लेखिकेचं नाव नव्हतं. आधीच्या कादंबरीच्या लेखिकेकडून, एवढंच छापलं होतं. प्रेमकथांमधली ही जणू आजीबाईच! आजही जगभर वाचली जाते.

खरं सांगू? सुरुवातीला मी कंटाळले. नुसती नाचाची आमंत्रणं आणि चहापानं! पण नेट लावून वाचलं आणि मग खाली ठेववेना. एलिझाबेथ नावाची हुशार, हजरजबाबी मुलगी आणि डार्सी नावाचा श्रीमंत, घुम्या माणूस. पहिल्याच भेटीत तो तिला गर्विष्ठ वाटतो आणि ती त्याच्यावर कायमची फुली मारते. पुढे त्याचं एक लांबलचक पत्र येतं. ते पुन्हा पुन्हा वाचताना तिला कळतं, की आपण घाईनं मत बनवलं होतं. ऑस्टिनबाईंनी या कादंबरीचा पहिला खर्डा केला, तेव्हा तिचं नावच मुळी 'पहिली छाप' अशा अर्थाचं होतं.

या पुस्तकात पैशांचा हिशेबही आहे बरं का! एलिझाबेथला चार बहिणी, भाऊ नाही. वडिलांमागे घर-इस्टेट एका दूरच्या नातलग पुरुषाला जाणार. अशा घरातल्या मुलींना तेव्हा कमाईचे मार्ग जवळजवळ नव्हतेच. म्हणून तिची मैत्रीण शार्लट निव्वळ आसऱ्यासाठी एका कंटाळवाण्या माणसाशी लग्न करते. मला एलिझाबेथपेक्षा शार्लटच जास्त दिवस आठवत राहिली.

तिसरं, मिलिंद बोकील यांची 'शाळा'. ही 2004 साली आली, पण गोष्ट आहे 1975 नंतरच्या आणीबाणीच्या दिवसांतली. नववीतला मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी वर्गातली शिरोडकर. ती क्लासला कोणत्या रस्त्यानं जाते, आज तिनं वळून पाहिलं का, यावर त्याचा अख्खा दिवस ठरतो. मुलांच्या मनात काय चालतं, हे आम्हा शिक्षकांना किती कमी ठाऊक असतं, ते या पुस्तकानं मला शिकवलं. मुलांच्या तोंडी शिव्या आहेत. काही पालकांना ते रुचणार नाही. सातवीत नको, नववी-दहावीत जरूर वाचा, असं मी म्हणेन. माझी तक्रार एकच. सगळं मुकुंदच सांगतो. शिरोडकरला मनातून काय वाटत होतं? तिच्या बाजूनं एखादं पुस्तक असतं तर!

चौथी 'बनगरवाडी', व्यंकटेश माडगूळकरांची, 1955 सालची. माणदेशातल्या धनगरवाडीवर एक कोवळा मास्तर येतो. शाळा आहे, पण मुलं मेंढरांमागे रानात! तो हळूहळू सगळ्यांचा होतो, गावकऱ्यांच्या साथीनं तालीम उभी करतो. मग दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. ही काही प्रेमकथा नाही. पण एका माणसाचा एका गावावर जीव जडतो, त्याला दुसरं काय म्हणायचं? शेवटची पानं वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.

आता तुमची पाळी. पुस्तक संपलं की 'छान आहे' किंवा 'बोअर आहे' एवढ्यावर थांबू नका. एक वही करा आणि तीन गोष्टी लिहा. कोण आवडलं आणि का? काय पटलं नाही? मी असते किंवा असतो, तर काय केलं असतं? खाली तारीख टाका. चार-पाच वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा वाचा आणि वही उघडा. मत बदललेलं दिसलं तर लाजू नका. एलिझाबेथचंही बदललंच की!

आणि आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मुलाच्या उशीखाली एखादी प्रेमकथा सापडली तर हिसकावून घेऊ नका. आधी स्वतः वाचा. मग शेजारी बसून विचारा, "कसं वाटलं?" पुस्तक खरंच वयाला योग्य नसेल, तर का नाही ते समजावून सांगा आणि त्याच्या जागी दुसरं चांगलं पुस्तक हातात द्या. हिसकावलेलं पुस्तक मुलं कुठूनतरी मिळवतातच, पण त्याबद्दल तुमच्याशी बोलणं मात्र बंद करतात.

आमच्या त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं नंतर माझ्याकडून 'चौघीजणी' नेली. आठवड्यानं परत आणली आणि टेबलापाशी उभी राहून ठासून म्हणाली, "बाई, तुमचं चुकलं. ज्योनं लॉरीशीच लग्न करायला हवं होतं!"

घंटा होईपर्यंत आम्ही दोघी वाद घालत होतो. तिनं माघार घेतली नाही आणि मीही घेतली नाही.

तुम्ही कुणाच्या बाजूनं? वाचा आणि कळवा बरं!