नव्या संचाची पहिली हाक

हौशी रेडिओचा छंद जडलेल्या माणसाच्या घरी नवा ट्रान्सीव्हर आला की खोके उघडताच बटण दाबून कोणाशी तरी बोलावे, असा मोह होतो. प्रक्षेपण आणि ग्रहण ही दोन्ही कामे करणारा हा संच आज लहानशा टेबलावर मावतो. त्यासाठी परीक्षा देऊन मिळवलेला केंद्र सरकारचा परवाना व ‘व्हीयू’ने सुरू होणारी कॉल साइन मात्र आधी हाती असावी लागते.

पहिली कसोटी विजेची. बहुतेक संच १३.८ व्होल्टच्या डीसी पुरवठ्यावर चालतात आणि १०० वॅटचा संच पूर्ण शक्तीने बोलताना सुमारे २० अँपिअर ओढतो. बारीक वायर वापरली तर ती तापते, व्होल्टेज खाली येते आणि आवाज फाटतो. लाल-काळी टोके उलटी जोडली गेली, तर फ्यूजच्या किमतीवर सुटका झाली तरी नशीबच म्हणायचे.

पैसा संचावर खर्च होतो. बोलते ती गच्चीवरची तार. ४० मीटर बँडवर ७.१ मेगाहर्ट्झसाठी साधा डायपोल बांधायचा, तर १४३ ला ७.१ ने भागावे. उत्तर येते सुमारे २०.१४ मीटर, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूस दहा मीटरहून किंचित अधिक. सोसायटीची संमती मिळवणे हे गणित यापेक्षा अवघड! तार आरंभी थोडी लांबच ठेवावी. कापता येते, वाढवणे कटकटीचे. पावसाळ्यासाठी केबलचे जोड पाणीबंद करावेत आणि विजा कडाडू लागण्यापूर्वी केबल संचापासून सोडवून ठेवावी.

मग शक्ती पाच-दहा वॅटवर आणून, जागा रिकामी असल्याची खात्री करून एसडब्ल्यूआर मोजावा. हा आकडा ३ असेल तर अँटेनाकडे निघालेल्या शक्तीचा चौथा हिस्सा माघारी फिरतो, १.५ असेल तर केवळ चार टक्के. रुपयातले पंचवीस पैसे परत येणारा व्यवहार कोणी आनंदाने करत नाही. सर्वांत कमी आकडा ६.९ मेगाहर्ट्झवर दिसला तर तार लांब आहे. अशा वेळी दोन्ही बाजूंनी सुमारे २९ सेंटिमीटर कमी करावे लागतात. पण एकदम नव्हे, थोडे थोडे कापून प्रत्येक वेळी पुन्हा मोजत.

एवढे झाल्यावरही हाक देण्याची घाई नको. या बँडवर बोलण्यासाठी लोअर साइडबँड निवडून प्रथम ऐकत राहावे. दिवसा काही शे किलोमीटरवरचे, तर रात्री दूरदेशीचे आवाज येतात. “ही जागा वापरात आहे का?” असे विचारूनच ‘सीक्यू’ म्हणावे. पलीकडून ‘फाइव्ह नाइन’ ऐकू आले की आवाज स्वच्छ व जोरदार पोहोचल्याचे कळते. वेळ, फ्रिक्वेन्सी आणि कॉल साइन वहीत नोंदवली की संचाचे खाते उघडले.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरहून व्हीयू४आरबीआय या कॉल साइनने जगभरच्या हौशी केंद्रांशी संपर्क साधत होते. संच आणि तारा रोजच्या वापराने पारखल्या गेल्या होत्या. २६ तारखेच्या सकाळी भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली, दूरध्वनी ठप्प झाले. अंदमानातील आप्तांची खुशाली विचारणारे आणि कळवणारे निरोप त्यानंतर याच हौशी रेडिओवरून मुख्य भूमीशी जात-येत राहिले.