८० वर्षं पाण्याखाली, तरी बॉम्ब जिवंतच! बुडालेल्या 'त्या' जहाजाला कुणी हात का लावत नाही?

विहिरीच्या कामात सुरुंग लावला आणि तो उडालाच नाही, तर काय करतो आपण? त्या भोकात पहार घालायची कुणाची हिंमत होत नाही. इंग्लंडमध्ये टेम्स नदीच्या मुखाशी ८० वर्षांपासून नेमकं हेच चाललंय. फक्त तिथला 'सुरुंग' सुमारे १,४०० टनांचा आहे.

जहाज बुडालं कसं?

एस. एस. रिचर्ड मॉन्टगोमेरी हे अमेरिकेचं मालवाहू जहाज. दुसऱ्या महायुद्धात सहा हजार टनांहून जास्त दारूगोळा घेऊन ते फ्रान्सला निघालं होतं. २० ऑगस्ट १९४४ रोजी शीअरनेस गावासमोर नांगर सरकला आणि जहाज वाळूच्या दांड्यावर चढलं. पाणी उतरलं तसं त्याला तडे गेले. महिनाभर माल उतरवायचं काम चाललं, पण पुढच्या भागात पाणी भरलं आणि काम सोडून द्यावं लागलं. तिथला माल आजही तिथंच आहे. डोलकाठ्या पाण्यावर दिसतात. गाव तिथून जेमतेम अडीच किलोमीटर.

एवढ्या वर्षांत दारू सादळली नाही का?

इथंच माणूस फसतो. बॉम्बमधली टीएनटी पाण्यात विरघळत नाही, वर्षानुवर्षं टिकते. शिवाय काही बॉम्बना पेटवणारी कळ, म्हणजे फ्यूज, बसवलेलाच होता. त्यातलं रसायन ओलाव्यानं पितळेशी मिळून आणखी नाजूक होऊ शकतं. म्हणजे गंज चढला की बॉम्ब मेला असं नाही. उलट कधी तो जास्त भडकू होतो.

मग काढून का टाकत नाहीत?

कारण क्येल्त्से. हे पोलंडचं दारूगोळ्याचं जहाज १९४६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बुडालं होतं. १९६७ मध्ये ते साफ करताना आतला माल उडाला. हादरा मध्यम भूकंपाएवढा बसला, समुद्राच्या तळाला सहा मीटर खोल खड्डा पडला. जहाज किनाऱ्यापासून लांब होतं म्हणून माणसं वाचली. मॉन्टगोमेरी मात्र गावाजवळ आहे. म्हणून तिथं बोया टाकून हद्द आखली आहे, रडारची २४ तास नजर असते. पण सांगाडा दरवर्षी कुजतोय. हात लावावा तरी भीती, न लावावा तरी भीती.

१,४०० टन म्हणजे किती?

हे मुंबईला विचारा. मॉन्टगोमेरी अडकलं त्याच्या चारच महिने आधी, १४ एप्रिल १९४४ ला, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाज उडालं. त्यातही जवळपास तेवढीच स्फोटकं होती. शेकडो माणसं गेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्याच आठवणीत १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात.

आपण काय करायचं?

आपल्याकडंही लष्कराच्या सराव क्षेत्राजवळच्या गावांत भंगाराच्या चार पैशांसाठी गोळे उचलताना जीव गेलेत. म्हणून रानात, नदीत किंवा जाळ्यात गोळ्यासारखी वस्तू दिसली तर:

- हात लावू नका, हलवू नका, ठोकू नका.
- जाळ्यात आली असेल तर ओढाओढ थांबवा, बाकीच्यांना लांब करा.
- पोरांना जवळ फिरकू देऊ नका. फोटोसाठीही पुढं जाऊ नका.
- लांब जाऊन ११२ वर फोन करा, पोलीस पाटलांना कळवा.

पुढचं काम बॉम्बशोधक पथकाचं. ते येईपर्यंत फक्त राखण करायची.