सावंतवाडीखालच्या खडकांची दिशा

भूकंपलहर खडकातून सगळीकडे सारख्याच वेगाने जाते, हे गृहीतक ढोबळ हिशेबापुरते ठीक आहे. खडकातले स्फटिक, पट्टे किंवा भेगा एका रोखाने लागल्या असतील, तर लहरीचा वेग दिशेनुसार बदलतो. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या कारागिराला लाकूड तंतूंच्या रोखाने तासणे सोपे जाते आणि आडवे तासणे जड जाते, तसेच हे. या वेगभेदावरून जमिनीखाली शेकडो किलोमीटरपर्यंतची रचना वाचता येते.

सावंतवाडी परिसरात अशा दिशेचा नमुना उघड्यावरही दिसतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाथरांची दक्षिण सीमा याच टापूत येते. वर आंबोलीला बेसाल्ट आणि त्यावर जांभा, तर घाटाखाली अडीचशे कोटी वर्षे किंवा त्याहून जुने धारवाडी खडक आहेत. त्यांतल्या पट्टिताश्माच्या (नाइसच्या) कातळात फिकट आणि गडद पट्टे एकाआड एक दिसतात. गडद पट्ट्यांतली अभ्रकाची पाने एकाच बाजूला झुकलेली असतात. पट्ट्यांच्या रोखाने जाणारी लहर वेगाने जाते, आडवी जाणारी मागे राहते.

कवचाखालच्या प्रावरणात हे काम मुख्यतः ऑलिव्हीन या खनिजाचे आहे. त्याच्या स्फटिकात सर्वांत आधी पोहोचणारी प्राथमिक लहर एका अक्षावर सेकंदाला सुमारे 9.9 किलोमीटर धावते, तर दुसऱ्यावर 7.7. तप्त खडक ताणला, सरकला की स्फटिकांचे वेगवान अक्ष साधारणपणे प्रवाहाच्या दिशेला वळतात. प्रशांत महासागराच्या तळाखाली लहरींचा वेग दिशेप्रमाणे बदलतो, हे हॅरी हेस यांनी 1964 मध्ये दाखवून दिले.

जमिनीवर यासाठी दूरच्या भूकंपांचा उपयोग होतो. टोंगा किंवा वनुआतूजवळच्या मोठ्या भूकंपाची एक लहर पृथ्वीच्या द्रवरूप गाभ्यातून कोकणाखाली येते. द्रवात आडव्या कंपनाची दुय्यम लहर टिकत नाही, म्हणून ती तेवढ्यापुरती प्राथमिक लहर होते आणि गाभ्याबाहेर पडताना पुन्हा दुय्यम बनते. त्यामुळे भूकंपस्थानाजवळच्या दिशाभेदाचा ठसा पुसला जातो. वर येताना वाटेत दिशा असलेला खडक लागला, तर तिच्या दोन लहरी होतात, एक वेगवान आणि एक मंद. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम कंपनांच्या नोंदी एकत्र मांडल्या की सरळ रेषेऐवजी लंबवर्तुळासारखी आकृती उमटते. तिच्यावरून वेगवान दिशा आणि दोन लहरींच्या वेळेतले अंतर निघते. वेगभेद 4 टक्के असेल, तर 1 सेकंदाच्या अंतराला सुमारे 115 किलोमीटर जाडीचा थर लागतो.

कवचातली दिशा जवळच्या भूकंपांतून कळते. सावंतवाडीच्या उत्तरेला दीडशेहून अधिक किलोमीटरवरच्या कोयनेत 11 डिसेंबर 1967 रोजी 6.3 क्षमतेचा भूकंप झाला. तिथे छोटे धक्के अजूनही बसतात. कोयनेजवळच्या रासाटीच्या वेधछिद्रात सुमारे 930 मीटर बेसाल्ट संपल्यावर ग्रॅनाइटी पट्टिताश्म लागला. कवचावर सर्वाधिक दाब ज्या आडव्या दिशेने असतो, तिला समांतर भेगा उघड्या राहतात आणि वेगवान लहरीचे कंपन सहसा त्याच दिशेत होते. कवचात वेगवान आणि मंद लहरींतले अंतर सेकंदाच्या अंशाइतकेच असते.

खरा पेच खोलीचा आहे. गाभ्यातून येणारी लहर जवळजवळ उभी वर चढते, म्हणून दिशाभेद वरच्या कठीण शिलावरणात आहे की त्याखालच्या मऊ दुर्बलावरणात, हे तिच्यावरून नीट ठरत नाही. शिलावरणात गोठलेली दिशा जुन्या पर्वतनिर्मितीची किंवा मादागास्कर, सेशेल्सपासून भारत विलग होतानाची असू शकते. खालच्या थरातली दिशा आजच्या हालचालीची, म्हणजे ईशान्येकडे वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर सरकणाऱ्या भारतीय भूपट्टाची असू शकते. 2007 मध्ये प्रकाश कुमार आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये भारताचे शिलावरण सुमारे 100 किलोमीटरच जाड असल्याचा निष्कर्ष मांडला. तो सर्वमान्य नाही. पण तो धरला, तर दिशाभेदाचा मोठा वाटा खालच्या प्रवाहाकडे जातो.

म्हणून एका केंद्राच्या नोंदीवर निर्णय देता येत नाही. भूपृष्ठलहरी खोलीप्रमाणे वेग सांगतात, जवळचे धक्के कवच दाखवतात, दूरचे भूकंप संपूर्ण खोलीची बेरीज देतात. तिन्हींचा मेळ बसला, तरच सह्याद्रीच्या पायथ्याखालची दिशा जुनी की आजची, हे खात्रीने सांगता येते.