समुद्रावर तेल सांडते तेव्हा कोळीवाड्यात काय घडते?

शिरूर आणि दौंड या तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. घोड आणि भीमा या आपल्या नद्याही पूर्वेकडे वाहतात. तरीसुद्धा आपल्या ट्रॅक्टरमध्ये आणि दुचाकीमध्ये जळणारे इंधन बहुतांशी समुद्रमार्गानेच देशात आलेले असते. भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते. मुंबईहून लोणी काळभोर आणि पुढे सोलापूरजवळील पाकणीपर्यंत इंधनाची भूमिगत वाहिनी टाकलेली आहे. तेव्हा किनाऱ्यावरील कोळी बांधवांची तेलगळतीविषयीची चिंता आपल्याला परकी मानता येणार नाही.

ही चिंता काल्पनिक नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' या दोन जहाजांची टक्कर झाली. न्हावाशेवाहून निघालेल्या 'चित्रा'वर १,२१९ कंटेनर होते आणि तिच्या टाक्यांत सुमारे २,६०० टन इंधन तेल होते. त्यापैकी अंदाजे ८०० टन समुद्रात गेले. जहाज कलंडल्याने शेकडो कंटेनर पाण्यात पडले. त्यांपैकी काहींत कीटकनाशके होती. बंदरातील वाहतूक काही दिवस थांबली. घारापुरी बेटापासून रायगडच्या किनाऱ्यापर्यंत काळा थर पसरला. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती आणि पावसाळी बंदीनंतर होड्या समुद्रात लोटण्याची तयारी चालू होती. नेमक्या त्याच वेळी मासळी खाण्याबाबत सावधगिरीच्या सूचना निघाल्या आणि गिऱ्हाइकांनी बाजाराकडे पाठ फिरवली. ज्या कोळिणीच्या पाटीतील मासळी तेल न पोहोचलेल्या समुद्रातून आली होती, तिचीही विक्री बसली.

सांडलेल्या तेलाचे पुढे काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. त्यातील हलका भाग काही तासांत वा दिवसांत हवेत उडून जातो. उरलेले जड तेल लाटांच्या घुसळणीने पाण्यात मिसळून दाट, चिकट लगदा बनते. कालांतराने त्याचे डांबरी गोळे होतात; गोव्याच्या किनाऱ्यावर ते पावसाळ्याच्या सुमारास वरचेवर येऊन पडतात. सर्वांत मोठी हानी खाडीत होते. तिवरांची श्वसनमुळे चिखलातून वर आलेली असतात. त्यांच्यावर तेलाचा लेप बसला की झाड गुदमरते. त्याच चिखलात निवट्या, चिंबोरी, कालवे वाढतात. खोल समुद्रातील मासा दूर पळू शकतो, कालवाला ती सोय नाही. आणि खाडीतील ही वेचणी बहुधा स्त्रियाच करतात.

उत्तन, वसई, अर्नाळा या पट्ट्यात, जेथे अनेक कोळी कुटुंबे कॅथलिक आहेत, बोंबील आणि जवळा पकडण्यासाठी डोल जाळे वापरतात. हे पिशवीसारखे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात एका जागी बांधलेले असते. जाळ्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. तेल आले म्हणून ती जागा सोडून दुसऱ्याच्या जागेत जाता येत नाही, आणि तेलाने माखलेले जाळे पुन्हा वापरण्याजोगे करणे कठीण असते.

मग भरपाई कोण देतो? तेलवाहू जहाजातून गळती झाली तर १९९२च्या दोन आंतरराष्ट्रीय करारांनुसार जहाजमालकाचा विमा आणि त्यापलीकडे एक आंतरराष्ट्रीय निधी उपलब्ध असतो. भारत या दोन्हींत सहभागी आहे. परंतु 'चित्रा' मालवाहू जहाज होते. सांडले ते तिचे स्वतःचे इंधन. अशा इंधनासाठीचा २००१चा वेगळा करार भारताने तोवर स्वीकारलेला नव्हता. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, ६० हजार टन कोळसा घेऊन जाणारे 'एमव्ही राक' मुंबईजवळ बुडाले. त्याप्रकरणी राष्ट्रीय हरित लवादाने १०० कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला, तो २०१६ साली. पाच वर्षे! दुसरी अडचण पुराव्याची. नुकसान मागायचे तर आधीचे उत्पन्न दाखवावे लागते, आणि रोखीने विकलेल्या पाटीभर मासळीची पावती कोणाकडे असते?

येथे 'मूळ रहिवासी' या शब्दाचाही विचार करावा लागतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातील महादेव कोळी आपल्या परिचयाचे आहेत. त्यांची गणना अनुसूचित जमातींत होते. मुंबईचे आद्य रहिवासी म्हणून गौरवले जाणारे सोनकोळी मात्र त्या यादीत नाहीत. शेतकऱ्याच्या जमिनीला सातबारा आहे. समुद्रातील डोलीच्या जागेला नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हेल्टसक या आदिवासी समाजाच्या शिंपल्यांच्या क्षेत्रात १३ ऑक्टोबर २०१६ रोजी एक टग बोट खडकावर आदळली आणि लाखाहून अधिक लिटर डिझेल सांडले. तेही तेलवाहू जहाज नव्हते. तेथील किनारी आदिवासींनी अनेक वर्षे केलेल्या मागणीनंतर २०१९ मध्ये कॅनडाने त्या प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावरील बंदरांत मोठ्या तेलवाहू जहाजांना मनाई करणारा कायदा केला. त्यांच्या म्हणण्याला कायद्यात स्थान मिळाले, यामागे त्यांच्या पारंपरिक हक्कांना तेथील राज्यघटनेने दिलेली मान्यता आहे, असे मला वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न सध्या पालघर जिल्ह्यात उभा आहे. डहाणूजवळ वाढवण येथे बंदर उभारण्याचा पूर्वीचा प्रस्ताव डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये फेटाळला होता. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये नव्या प्रस्तावाला अटींसह परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पात द्रवरूप मालासाठी चार धक्के आहेत. मच्छीमार व आदिवासी संघटनांचा विरोध प्रामुख्याने मासेमारीची क्षेत्रे जाण्यास आहे; परंतु जहाजांची वर्दळ वाढली की टक्कर आणि गळती यांची शक्यताही वाढते.

मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून दूर 'एमएससी एल्सा ३' हे ६४० कंटेनरांचे जहाज बुडाले, तेव्हा राज्य सरकारने उच्च न्यायालयात ९,५३१ कोटी रुपयांचा दावा दाखल केला आणि 'एमएससी' समूहाचे दुसरे जहाज बंदरात अडकवून ठेवण्याचा आदेश मिळवला. २०१०च्या मानाने ही तत्परता मोठी आहे. त्या रकमेतील किती हिस्सा प्रत्यक्ष होडीपर्यंत पोहोचतो, याकडे वसईपासून डहाणूपर्यंतचे कोळी लक्ष ठेवून असतील.