उतारवयातील उड्डाण

व्यापारी माणूस निवृत्त होतो म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न आपल्यात फारसा कोणी विचारीत नाही. पेढीची सूत्रे चिरंजीवांच्या हाती जातात. तरी सकाळी दहा वाजले की पाय आपसूक गादीकडे वळतात आणि झालेल्या सौद्यात आपण दोष काढू लागतो. या बाबतीत आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी धरलेली वाट सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते. बेळगावात पस्तीस वर्षे कापडाचा व्यापार केल्यावर हे गृहस्थ २०१५ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, सपत्नीक अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात कन्येकडे स्थायिक झाले; आणि पुढच्याच वर्षी विमान चालविण्यास शिकले!

वाचकांस हे नवल वाटेल. परंतु जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ च्या ऑक्टोबरात कराचीहून मुंबईस विमानाने टपाल आणले, आणि त्या उड्डाणाचा सुवर्णमहोत्सव १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्याच मार्गाने स्वतः विमान चालवून साजरा केला, हे आपणांस ठाऊकच आहे. अमेरिकेत खाजगी वैमानिकाच्या परवान्यास खालची वयोमर्यादा १७ वर्षांची आहे. वरची मर्यादाच नाही. किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी निदान २० तास प्रशिक्षकासह व १० तास एकट्याने करावे लागतात. परदेशी नागरिकास तत्पूर्वी सरकारी सुरक्षा खात्यास बोटांचे ठसे देऊन अनुमती मिळवावी लागते. आमच्या स्नेह्यांना चाळिसाच्या दुप्पट तास लागले, हे तेच हसत सांगतात.

विमान त्यांनी एकट्याने घेतले नाही. एक निवृत्त शिक्षक, एक निवृत्त डॉक्टर आणि हे स्वतः, अशा तिघांच्या भागीदारीत एक जुने सेसना १७२ घेतले. चार आसनांचे, एका एंजिनाचे हे विमान १९५६ पासून ग्राहकांच्या हाती आहे, आणि या जातीची ४४,००० हून अधिक विमाने आजवर तयार झाली आहेत. त्याची खातेवही मात्र अस्सल बेळगावी पद्धतीची आहे. हँगरचे भाडे, विमा आणि वार्षिक तपासणी हा खर्च विमान उडो वा न उडो, तिघांत सारखा. पेट्रोल व तेल ज्याच्या त्याच्या तासांप्रमाणे. एंजिन सुमारे २,००० तासांनंतर पूर्ण उघडून दुरुस्त करावे लागते. म्हणून प्रत्येक तासामागे ठराविक रक्कम घसारा म्हणून बाजूस टाकलेली. शिवाय त्या परवान्यावर प्रवाशांकडून भाडे घेता येत नाही. प्रवासखर्च वाटून घेता येतो, पण वैमानिकाने आपला समान वाटा स्वतः भरलाच पाहिजे. "जन्मभर नफ्याकडे पाहिले," स्नेही म्हणाले, "आता नफा घेणे कायद्यानेच वर्ज्य असलेला व्यवहार करतो आहे."

२०२५ च्या जानेवारीत आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. नातीच्या वाढदिवसानिमित्त मेक्सिकोच्या आखातातील सीडर की या बेटावर जेवणाचा बेत ठरला. वहिनी, कन्या व नात मोटारीने पुढे गेल्या. आम्ही ओकालाजवळच्या एका छोट्या विमानतळावरून विमानाने निघालो. निघण्यापूर्वी स्नेह्यांनी टाकीतील पेट्रोलचा नमुना नळीत घेऊन उजेडाकडे धरला. निळ्या पेट्रोलाच्या तळाशी पाण्याचा थेंब नाही याची खात्री केली, आणि मगच आम्हांस आत बसविले.

खाली घोड्यांची कुरणे व तळी सरकत होती. ऊन स्वच्छ होते. पण किनारा जवळ येताच समुद्रावरून आलेल्या धुक्याचा पांढरा थर बेटावर पसरलेला दिसला. आम्ही अजाणतेपणी बोलून गेलो, "थोडे खालून जाता येणार नाही का? पोरगी वाट पाहात असेल." त्यांनी उत्तर दिले नाही. विमान सावकाश वळविले आणि आल्या वाटेने परत नेले.

खाली उतरल्यावर ते म्हणाले, "१९५४ साली इलिनॉय विद्यापीठात वीस वैमानिकांवर प्रयोग झाला. केवळ उपकरणे पाहून उडण्याची सवय त्यांना नव्हती. क्षितिज दिसेनासे होताच त्यांचा विमानावरील ताबा सरासरी १७८ सेकंदांत सुटला. तीन मिनिटेसुद्धा नाहीत! आंधळ्या धुक्यात आपला कान आपल्याशीच खोटे बोलतो. विमान कलते, आणि आपणांस ते सरळ वाटते. भाव पडत असता 'आता चढेल' म्हणून माल धरून बसणारे व्यापारी आपण पाहिले. बुडालेला व्यापारी पुन्हा उभा राहतो. येथे ती सोय नाही."

नात त्या दिवशी रुसली. संध्याकाळी घरी केक कापताना तिने आजोबांकडे पाहिलेही नाही. तिची समजूत काढण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर तिला विमानतळावर नेऊन पेट्रोलची नळी तेवढी तिच्या हाती दिली.

निघण्यापूर्वी आम्ही विचारले, "हे किती दिवस चालणार?" तेव्हा त्यांनी भागीदारीचा करार दाखविला. २०१७ पासून तेथे साध्या कुटुंब-डॉक्टरांकडून दर चार वर्षांनी तपासणी करून घेतली आणि दर दोन वर्षांनी आरोग्याचा पाठ पुरा केला, की खाजगी वैमानिकास उडता येते. पण या तिघांनी त्यावर आपले एक कलम घातले आहे : कोणाही भागीदाराने कारण न देता दुसऱ्यास 'प्रशिक्षकास बरोबर घेऊन उडून या' असे सांगावे, आणि त्याने ते मानावे. डॉक्टरांना असे दोनदा सांगण्याची वेळ आली. दुसऱ्या खेपेस त्यांनी आपण होऊन किल्ली टेबलावर ठेवली. आजही ते शनिवारी येतात, विमान धुतात, आणि त्याची चाके तपासतात.

व्यापार कसा करावा हे आपल्या वाडवडिलांनी आपणांस शिकविले. गादीवरून केव्हा उठावे, हे सांगणारे कलम मात्र आमच्या पेढीच्या करारात नाही. घरी परतल्यावर चिरंजीवांना बोलावून ते घालण्याचे आम्ही ठरविले आहे. तिजोरीची किल्ली अद्याप आमच्याच कमरेस आहे, हे येथे कबूल केलेले बरे.