हजेरी, पगार आणि हातात पडलेले पैसे

मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली आणि उत्तर गोव्यातल्याच नव्हे, तर बांदा-सावंतवाडीच्या लोकांचाही प्रवास सोपा झाला. पेडणे तालुक्यातल्या सड्यावरचा हा प्रकल्प. नोव्हेंबर २०१६ मध्ये पायाभरणी झाली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी स्थगित केली आणि जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठवली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झालं.

या तारखा आपल्याला बातम्यांतून कळतात. एवढ्या मोठ्या बांधकामावर सळई बांधणाऱ्याला ठरलेली मजुरी मिळते का आणि आसपासच्या गावांतल्या मुलांना तिथे काम शिकायला मिळतं का, हे मात्र बातम्यांत येत नाही. ते तपासायचं कसं, याविषयी हा लेख.

मजुरी कुठे गळते?

मोठ्या प्रकल्पात मालक आणि मजूर यांच्यामध्ये लांब साखळी असते. मालक, मुख्य ठेकेदार, पोटठेकेदार, मुकादम आणि सगळ्यात शेवटी मजूर. वरून पैसे पूर्ण सुटले, तरी ते खाली पूर्ण पोचतातच असं नाही.

याचं गाजलेलं उदाहरण १९८२ च्या दिल्ली एशियाडचं. तिथल्या बांधकामांवर किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे होती. त्यातला एक रुपया जमादार, म्हणजे मजूर आणणारा मुकादम, आपलं कमिशन म्हणून कापून घेत असे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही राज्यघटनेच्या कलम २३ नुसार सक्तीची मजुरीच आहे, असा निकाल न्यायमूर्ती भगवती यांनी दिला. मजूर ठेकेदाराचे आहेत, असं म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत, हेही न्यायालयाने बजावलं.

तीन नोंदी जुळवा

माझं काम सॉफ्टवेअरचं. त्या नजरेने पाहिलं, तर ही तपासणी म्हणजे तीन याद्या एकमेकींशी जुळवणं: गेटवरची हजेरी, पगारपत्रक आणि बँकेत जमा झालेली रक्कम.

गेटवर बारा तासांची नोंद आहे आणि पगारपत्रकात आठच तास आहेत, तर ओव्हरटाइम बुडाला. तो कायद्याने दुप्पट दराने द्यायचा असतो. एकाच बँक खात्यात पाच जणांचा पगार जातोय, तर ते खातं कोणाचं, हे विचारायला हवं. सगळ्यांचे दरमहा नेमके २६ दिवस भरतात, तर हजेरी कोणीतरी बसून लिहिली असण्याची शक्यता मोठी. मजुरीचे दर अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल अशा श्रेणींनुसार ठरतात. मुरलेल्या गवंड्याची नोंद बिगारी म्हणून केली, की कागद स्वच्छ राहतो आणि माणसाचं नुकसान होतं.

पण तिन्ही याद्या जुळल्या तरी एक गोष्ट राहतेच. मजुराचं एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात असेल किंवा गावी दिलेली उचल पगारातून परस्पर वळती होत असेल, तर ते कुठल्याच संगणकाला दिसत नाही. त्यासाठी मुकादम जवळ नसताना, मजुराच्या भाषेत, “तुझ्या हातात किती आले?” एवढंच विचारावं लागतं.

शिकाऊ उमेदवार की स्वस्त मजूर?

दुसरा प्रश्न स्थानिक मुलांचा. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात, की ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने, ठेक्यावरची माणसं धरून, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत. मात्र हा उमेदवार कायद्याने ‘कामगार’ नसतो. त्याला मजुरी नाही, विद्यावेतन मिळतं. म्हणूनच त्याच्याकडून वर्षभर नुसत्या पाट्या उचलून घेण्याचा मोह होऊ शकतो. नोंदणीकृत करार आहे का, शिकवणारा कोण आहे आणि शेवटी परीक्षा व प्रमाणपत्र आहे का, या तीन गोष्टींवरून फरक कळतो.

अमेरिकेत १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्यानुसार केंद्र सरकारच्या बांधकामांवर त्या भागात प्रचलित असलेली मजुरी द्यावी लागते आणि ठेकेदाराला दर आठवड्याला सहीनिशी पगारपत्रक सादर करावं लागतं. २०२२ च्या कायद्याने स्वच्छ ऊर्जेच्या मोठ्या प्रकल्पांना पूर्ण करसवलतीसाठी आणखी एक अट घातली. २०२४ पासून सुरू झालेल्या कामांत एकूण श्रमतासांपैकी १५ टक्के तास शिकाऊ उमेदवारांचे हवेत. आपण डोकी मोजतो, तिथे तास मोजले. नाव यादीत असणं आणि हातात काम असणं यांतला फरक तासांमध्ये उघडा पडतो.

आता कायदा काय म्हणतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्याकडे चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनुसार ठेकेदाराने मजुरी बँकेतून किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने द्यायची आणि तसं मूळ मालकाला कळवायचं. ठेकेदाराने ती बुडवली, तर मालकाने भरायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची. मजुराला नेमणूकपत्र आणि पगाराची पावती मिळायला हवी. शिवाय बांधकाम खर्चावरचा एक टक्का उपकर कामगार कल्याण मंडळाकडे जातो. त्याचे लाभ मिळण्यासाठी मजुराची नोंदणी झालेली असावी लागते.

महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने एक वेगळी वाट दाखवली होती. त्यात मालक मजुरी मंडळाकडे भरतो आणि मंडळ ती कामगाराला देतं. मुकादमाला मधे हात घालायला जागाच उरत नाही.

आपल्यापैकी कोणी इंजिनिअर म्हणून साइटवर आहे, कोणी कंपनीत ठेकेदारांची बिलं मंजूर करतं, कोणी गावी घर बांधतंय. बिलावर सही करण्याआधी पगाराची पावती मागणं आणि एखाद्या मजुराला नोंदणी झाली का ते विचारणं, हे आपल्या हातातलं काम आहे. एशियाडच्या मजुराचा तो एक रुपयाही कोणाच्या तरी सहीखालूनच गेला होता.